काळाच्या माथी मारलेला दोष

जुन्या विज्ञानमालिकांमधल्या वंशभेदी चित्रणाचा विषय निघाला की एक उत्तर हमखास पुढे येतं. तो काळच तसा होता, तेव्हा कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं, आजच्या फूटपट्टीने कालची माणसं मोजू नका. असं म्हणणारे बहुतेक जण या मालिकांवर जीव लावलेले असतात. त्यांचं प्रेम मला कळतं. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ लागायची, तेव्हा पृथ्वीवरच्या सगळ्या देशांची माणसं एका यानात बसून ताऱ्यांकडे निघाली आहेत, या कल्पनेनेच आम्ही भारावून गेलो होतो. पण हे प्रेम ज्या युक्तिवादाच्या आड उभं राहतं, तो युक्तिवाद मला मान्य नाही. वरवर तो समंजस वाटतो. तपशिलात शिरलं की टिकत नाही.

‘तो काळ’ म्हणताना आपण नेमकं कुणाला त्या काळात धरतो? निर्माते, वाहिन्यांचे अधिकारी, रंगभूषाकार आणि दिवाणखान्यात निवांत बसलेला गोरा प्रेक्षक. ज्यांचं विकृत चित्र रंगवलं जात होतं, ती माणसंही त्याच काळात जगत होती. त्यांनी तेव्हाच आक्षेप घेतले, अर्ज केले, चित्रीकरणाच्या जागी उभं राहून प्रश्न विचारले. ‘तेव्हा कुणालाच काही वाटत नव्हतं’ या वाक्यात ती माणसं ‘कुणालाच’मध्येही मोजली जात नाहीत. माझा मुख्य आक्षेप हा आहे. काळाच्या नावाने दिलेली माफी त्या काळातल्याच अर्ध्या माणसांना पुसून टाकते.

पुराव्यादाखल पहिल्या ‘स्टार ट्रेक’चा पहिलाच हंगाम घेऊ. २९ सप्टेंबर १९६६ रोजी ‘द नेकेड टाइम’ हा भाग दाखवला गेला. एका संसर्गामुळे यानावरच्या माणसांचा स्वतःवरचा ताबा सुटतो आणि मनाच्या तळातलं काहीबाही वर येतं, असं कथानक. सुलू हा यानाचा सुकाणू सांभाळणारा अधिकारी. भूमिका करत होते जॉर्ज ताकेई, जपानी वंशाचे अमेरिकन नट. सुलूचा ताबा सुटल्यावर त्याच्या हातात सामुराईची तलवार द्यावी, असं लेखक जॉन ब्लॅक यांच्या मनात होतं. जपानी चेहरा आहे, तर सामुराईच आठवणार! ताकेईंनी वेगळं सुचवलं. सुलू हा तेविसाव्या शतकातला माणूस, त्याच्या आत दडलेलं स्वप्न त्याच्या पणजोबांच्या देशातलंच का असावं? स्वतः ताकेई लहानपणी एरॉल फ्लिनचा ‘रॉबिन हूड’ पाहून वेडे झाले होते. त्यांनी युरोपीय धाटणीची तलवार मागितली आणि ती चालवायचे धडेही घेतले. उघड्या अंगाने, घामाने निथळत, पातळ पात्याची तलवार परजत यानाच्या बोळांतून धावणारा सुलू हे त्या मालिकेतल्या सर्वांत लक्षात राहिलेल्या दृश्यांपैकी एक ठरलं.

हे ताकेई कोण? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना काटेरी तारांच्या छावण्यांत डांबलं, तेव्हा आर्कान्सामधल्या रोहवर छावणीत आईवडिलांबरोबर नेलेलं पोर. एका साच्यात बसवलेली माणसं पुढे कुठे नेऊन ठेवली जातात, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. त्यांनी विचारलं, लेखकाने ऐकलं, दृश्य बदललं. यासाठी ना पैसा लागला, ना चळवळ, ना एकविसावं शतक. १९६६ मध्ये हे शक्य होतं, कारण ते घडलं.

आता त्याच हंगामात पाच महिने पुढे या. १६ फेब्रुवारी १९६७ च्या ‘स्पेस सीड’ या भागात खान नूनियन सिंग अवतरतो. विसाव्या शतकात जनुकांची निवड करून घडवलेला, आशियापासून मध्यपूर्वेपर्यंत, जगाच्या पाव भागाहून अधिक प्रदेशावर राज्य केलेला हुकूमशहा. यानावरची इतिहासतज्ज्ञ त्याचा निद्रिस्त चेहरा पाहूनच अंदाज बांधते की हा उत्तर भारतातला, बहुधा शीख असावा. आणि पुढे शिखांच्या लढाऊपणाचं कौतुक करते. भूमिका केली मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो मॉन्टलबान यांनी, कातडी रंगवून सावळी करून. पगडी दिसते ती फक्त त्या इतिहासतज्ज्ञ बाईंनी काढलेल्या चित्रात. नावात खान आणि सिंग शेजारी शेजारी, कारण लिहिणाऱ्यांच्या लेखी दोन्ही एकाच पूर्वेकडचे. कथेच्या आधीच्या खर्ड्यात हा माणूस उत्तर युरोपीय वंशाचा होता. त्याला भारतीय करताना भारताबद्दल काहीच शोधावं लागलं नाही. लढवय्या जात, हुकूमत आणि बाईला भुरळ पाडणारी नजर एवढ्यावर भागलं.

मॉन्टलबान यांनी भूमिका जिवंत केली, यात शंका नाही. पण त्यांच्या चाहत्यांनी एवढंही सांगावं की याच मॉन्टलबान यांनी १९७० मध्ये ‘नोसोत्रोस’ ही संस्था उभी केली. हॉलिवूडमध्ये लॅटिनो माणसाला डाकू, नोकर किंवा रंगेल प्रियकर याखेरीज काही मिळत नाही, हे बदलावं म्हणून. ज्याच्या कातडीवर रंग चढवला गेला, तोच या धंद्याविरुद्ध तीन वर्षांनी संघटना काढतो. मग ‘त्या काळाला कळत नव्हतं’ हे कुठल्या तोंडाने म्हणायचं?

पुढच्याच महिन्यात, मार्च १९६७ मध्ये, ‘एरंड ऑफ मर्सी’ या भागात क्लिंगॉन प्रथम पडद्यावर आले. क्रूर, कपटी, युद्धखोर. तपकिरी चकचकीत कातडी, खाली वळलेल्या मिशा, तिरप्या भुवया. त्यांचा सेनापती कोर साकारणारे जॉन कोलिकोस यांनी पुढे स्वतःच सांगितलं की रंगभूषा ठरवताना त्यांच्या डोळ्यांसमोर चंगीझखान होता. इथे समर्थक दुसरा बचाव काढतात: क्लिंगॉन परग्रहवासी आहेत, त्यांचा कुठल्या मानवी वंशाशी काय संबंध?

संबंध रंगाच्या डबीत आहे. परग्रहवासी हिरवा करता येतो, निळा करता येतो, दगडाचा करता येतो. ‘स्टार ट्रेक’नेच हे सगळं करून दाखवलं. तरी शत्रू ठरलेल्या संपूर्ण जमातीचा चेहरा मंगोल स्वारीच्या युरोपीय धास्तीतून उचलला गेला, आणि तोही व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैन्य लढत असताना. माणसाबद्दल जे उघड बोलायला जीभ कचरते, ते परग्रहवासीयांबद्दल बिनधास्त बोलता येतं. एका ग्रहावरचे सगळे लढाऊ, दुसऱ्यावरचे सगळे लोभी, तिसऱ्यावरचे सगळे भोळे. जन्मावरून स्वभाव ठरतो, हा वंशवादाचा पाया या मालिकांनी आकाशात नेला आणि वैज्ञानिक वाटेल अशा भाषेत मांडला. पृथ्वीवरच्या माणसांना मात्र स्वभावाची विविधता दिली. परग्रह हे निमित्त पुढे करून या चित्रणाची सुटका होत नाही. उलट ते जास्त खोलवर रुजतं, कारण प्रेक्षक सावध नसतो.

आता अटलांटिकच्या पलीकडे जाऊ. सप्टेंबर १९६७ मध्ये बीबीसीवर ‘डॉक्टर हू’ची ‘द टूम ऑफ द सायबरमेन’ ही कथा आली. तीत टोबरमन नावाचा धिप्पाड कृष्णवर्णीय नोकर आहे. तो दारं ओढतो, वजनं उचलतो, मालकिणीची राखण करतो, जवळजवळ बोलतच नाही आणि शेवटी इतरांसाठी जीव देतो. नट होते जमैकात जन्मलेले रॉय स्टुअर्ट. १९७१ मध्ये याच मालिकेने त्यांना पुन्हा बोलावलं, ‘टेरर ऑफ द ऑटन्स’मध्ये सर्कशीतला पैलवान म्हणून. या माणसाचं अंग कॅमेऱ्याला दोनदा दिसलं, त्याचं डोकं एकदाही दिसलं नाही.

त्याच १९६७ सालात, त्याच बीबीसीकडे, वांशिक भेदभावाविरुद्ध काम करणाऱ्या ब्रिटिश संघटनेने लेखी अर्ज दिला होता. ‘द ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो’ या कार्यक्रमात गोरे गायक तोंडाला काळं फासून नाचत. तो बंद करा, अशी मागणी होती. बीबीसीचे मुख्य लेखापाल बॅरी थॉर्न यांनीही संस्थेच्या आतून लेखी आक्षेप घेतले होते. हिशेब सांभाळणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्याला जे दिसलं, ते कार्यक्रम ठरवणाऱ्यांना दिसू शकलं नाही असं कसं मानायचं? त्यांना दाखवलं गेलं होतं. त्यांनी तो कार्यक्रम १९७८ पर्यंत चालू ठेवला.

म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिल १९७७ या काळात ‘डॉक्टर हू’ची ‘द टॅलन्स ऑफ वेंग-चियांग’ ही सहा भागांची कथा प्रसारित झाली, तेव्हा बीबीसीला या प्रश्नाची दहा वर्षांपासून कल्पना होती. ब्रिटनच्या संसदेने आदल्याच वर्षी वांशिक भेदभावाविरुद्धचा नवा कायदा केला होता. अमेरिकेत महिन्याभरापूर्वीच गुलामगिरीवरच्या ‘रूट्स’ या मालिकेने देश हलवून सोडला होता.

‘टॅलन्स’चं लेखन रॉबर्ट होम्स यांचं, आणि कथा म्हणून ती बांधेसूद आहे, हे मी नाकारत नाही. व्हिक्टोरियन लंडन, धुकं, नाटकगृह, गटारांतले राक्षसी उंदीर. या सगळ्याच्या मधोमध ली सेन चँग हा चिनी जादूगार. तो संमोहन करतो, तरुण मुली पळवून आपल्या मालकाच्या हवाली करतो, चिनी टोळी बाळगतो आणि अफूच्या अड्ड्यावर मरतो. भूमिका जॉन बेनेट या गोऱ्या इंग्रज नटाची. पहिल्या भागातलं पोलीस चौकीतलं दृश्य नीट पाहावं. पकडलेल्या चिनी माणसाशी बोलायला दुभाषी म्हणून चँगला बोलावलं जातं. कैदी विष खाऊन कोसळतो. पडद्यावर दोन चिनी माणसं आहेत. त्यांतला जो खरोखर पूर्व आशियाई वंशाचा आहे, तो तोंड न उघडता मरतो. जो बोलतो, विचार करतो, कट रचतो, त्याच्या पापण्यांवर कृत्रिम कातडं चिकटवलेलं आहे. चिनी वंशाचे नट त्या संचात होते, पण हस्तकांच्या आणि मारेकऱ्यांच्या जागी. योग्य नट मिळाला नसेल म्हणावं, तर बर्ट क्वॉक तेव्हा ‘पिंक पँथर’ चित्रपटांमुळे ब्रिटनभर माहीत होते. ‘डॉक्टर हू’ने त्यांना बोलावलं ते १९८२ मध्ये.

या कथेचे समर्थक म्हणतात की होम्स हे सॅक्स रोमरच्या फू मांचू कादंबऱ्यांची नक्कल करत होते आणि चँगला त्यांनी सहानुभूतीही दिली. सहानुभूती आहे, मान्य. पण त्या कादंबऱ्यांनी १९१३ पासून चालवलेल्या ‘पीतसंकटा’च्या, म्हणजे पूर्व आशियाई माणसांच्या भीतीला कथेत कुठे धक्का लागतो? मुली खरंच पळवल्या जातात, अफू खरंच ओढली जाते, टोळी खरंच चिनीच असते. अंतिम खलनायक भविष्यातून आलेला युद्धगुन्हेगार निघतो, पण त्याच्यासाठी राबणारे, मारणारे, मरणारे सगळे चिनी. कॅनडातल्या टीव्हीओंटारिओ या सार्वजनिक वाहिनीने ही कथा दाखवली नाही, कारण तिथल्या चिनी वंशाच्या नागरिकांचं म्हणणं तिने विचारात घेतलं. तेही त्याच पिढीत.

काळाचा बचाव आणखी एका कसोटीवर उतरत नाही. दोष काळाचा असेल, तर काळ सरल्यावर तो जायला हवा. १९८७ मध्ये ‘स्टार ट्रेक’ची नवी मालिका सुरू झाली आणि ऑक्टोबरमध्येच ‘कोड ऑफ ऑनर’ हा भाग आला. लस मिळवण्यासाठी यान एका ग्रहावर जातं. तिथले सगळे रहिवासी कृष्णवर्णीय, टोळीबाज, मानापमानावर मरणारे. त्यांचा राजा यानावरच्या सोनेरी केसांच्या सुरक्षाप्रमुख बाईला पळवून नेतो आणि तिच्याशी लग्न करू पाहतो. त्याच मालिकेच्या नटसंचात लेव्हार बर्टन होते, ‘रूट्स’मधला कुंटा किंटे. यातल्या कलावंतांनीच पुढे या भागाला उघडपणे वंशभेदी म्हटलं. त्याच्या दोन लेखकांपैकी कॅथरिन पॉवर्स यांनी १९९७ मध्ये ‘स्टारगेट’ मालिकेसाठी ‘इमॅन्सिपेशन’ हा भाग लिहिला. यात गोऱ्या नायिकेला पळवणारे होते मंगोल वंशजांचे टोळीवाले. दहा वर्षांत साचा तोच, फक्त त्यात ओतलेला वंश बदलला. आणि १९९५ च्या ‘स्टार ट्रेक: व्हॉयेजर’मध्ये मूलनिवासी अमेरिकन अधिकाऱ्याचं पात्र घडवताना सल्ला घेतला तो जमाके हायवॉटर यांचा, ज्यांचा मूलनिवासी असल्याचा दावा १९८४ मध्येच वर्तमानपत्रांतून उघडा पडला होता. खऱ्या मूलनिवासी माणसाला विचारण्याचे कष्ट घेतले असते, तरी पुरे होतं. अशा वेळी अज्ञानाचं कारण पुढे करता येत नाही. विचारण्याची गरज वाटली नाही, हे खरं कारण आहे.

तिसरा बचाव सर्वांत भावनिक असतो. ‘स्टार ट्रेक’ने उहुरा दिली. कृष्णवर्णीय स्त्री अधिकाऱ्याच्या गणवेशात, यानाच्या मुख्य कक्षात. मग त्या मालिकेवर आक्षेप घेणं कृतघ्नपणा नाही का? उहुराचं महत्त्व मी तसूभरही कमी मानत नाही. पण निशेल निकोल्स यांचं स्वतःचं म्हणणं ऐका. पहिल्या हंगामानंतर त्या मालिका सोडायला निघाल्या होत्या. त्यांच्या वाट्याचे संवाद पुन्हा पुन्हा कापले जात होते. एका समारंभात मार्टिन ल्यूथर किंग त्यांना भेटले आणि जाऊ नका म्हणाले, म्हणून त्या थांबल्या. ही हकीकत त्यांनी अनेकदा सांगितली आहे. तिन्ही हंगामांत उहुराला पहिलं नावसुद्धा पडद्यावर मिळालं नाही. घरात बोलवायचं आणि ओसरीवरच बसवून ठेवायचं, असा तो सन्मान होता.

नोव्हेंबर १९६८ मधल्या त्या प्रसिद्ध चुंबनाचंही तसंच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आंतरवंशीय विवाहबंदी रद्द करून जेमतेम दीड वर्ष झालं होतं, म्हणून त्या दृश्याचं धाडस मोठंच. तरी कथेत यानाचा कप्तान कर्क आणि उहुरा स्वतःच्या इच्छेने जवळ येत नाहीत. परग्रहवासी मनाच्या शक्तीने त्यांना तसं करायला भाग पाडतात. मालिकेने एक पाऊल टाकलं आणि त्याची जबाबदारी दुसऱ्यावर टाकली. जानेवारी १९६९ मध्ये अर्धा चेहरा काळा, अर्धा पांढरा असलेल्या दोन वैऱ्यांची कथा आली. त्यांतल्या एकाचे लोक गुलाम होते, दुसऱ्याचे मालक. शेवटी दोघेही द्वेषाने सारखेच आंधळे ठरतात. किंग यांची हत्या होऊन वर्षही झालं नव्हतं. गुलाम आणि मालक यांना एकाच मापाने तोलणं हा पुरोगामीपणा म्हणून मिरवावा, असं मला वाटत नाही.

आणि उहुराचं उदाहरण देणाऱ्यांनी ते शेवटपर्यंत न्यावं. १९७७ मध्ये निकोल्स यांनी ‘नासा’साठी स्त्रिया आणि कृष्णवर्णीय उमेदवार यांना अंतराळवीर होण्यासाठी पुढे आणण्याची मोहीम चालवली. १९९२ मध्ये अंतराळात गेलेल्या मे जेमिसन या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्रीने उहुराचं ऋण मानलं. चित्राची ताकद एवढी असते. पण मग टोबरमन, चँग, क्लिंगॉन ही चित्रं पाहत वाढलेल्या मुलांच्या मनावर काहीच उमटलं नाही, असं कसं म्हणणार? चांगल्या चित्राचं श्रेय घ्यायचं आणि वाईट चित्र आलं की ‘ती फक्त करमणूक होती’ म्हणायचं, हा अप्रामाणिकपणा आहे.

‘प्रेक्षक तयार नव्हता’ हेही नेहमीचं पालुपद. सॅम्युअल डिलेनी या कृष्णवर्णीय लेखकाची ‘नोव्हा’ ही कादंबरी ‘ॲनालॉग’ मासिकाचे संपादक जॉन कॅम्पबेल यांनी १९६७ मध्ये नाकारली. कृष्णवर्णीय नायक आपल्या वाचकांना आपलासा वाटणार नाही, हे कारण कळवलं गेलं. वाचकांना विचारलं कुणी होतं? पुढच्या वर्षी ती कादंबरी पुस्तकरूपात आली आणि ह्यूगो पुरस्काराच्या नामांकनापर्यंत पोचली. अडवणारा प्रेक्षक नव्हता, दारावरचा माणूस होता. हीच गोष्ट ‘स्टार ट्रेक’च्याच ‘डीप स्पेस नाइन’ या मालिकेने फेब्रुवारी १९९८ मध्ये ‘फार बियाँड द स्टार्स’ या भागात मांडली. १९५३ मधला बेनी रसेल हा कृष्णवर्णीय लेखक कृष्णवर्णीय नायकाची अंतराळकथा लिहितो आणि मासिकाचा मालक तो अंकच नष्ट करायला लावतो. दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका एव्हरी ब्रुक्स यांची. विज्ञानमालिका आपल्याच घराण्याचा हिशेब किती सरळपणे मांडू शकते, ते पाहायचं असेल तर हा भाग पाहा.

मराठी माणसाला हा युक्तिवाद परका नाही. जुन्या नाटक-सिनेमांतल्या जातीवरच्या आणि रंगावरच्या विनोदांबद्दल बोललं की हेच वाक्य आपल्याही कानावर येतं. पण १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहून ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण करणारे जोतीराव फुले ज्या काळात पुण्यात राहत होते, त्या काळाला अन्याय कळत नव्हता असं कोण म्हणेल? काळ कधीच एकमुखी नसतो. त्याच्यात सांगणारे असतात आणि कानावर हात ठेवणारे असतात.

मग काय, या मालिका बंद करायच्या? मुळीच नाही. दृश्यं कापणं, भाग लपवणं यालाही माझा तितकाच विरोध आहे. टोबरमन कापला की रॉय स्टुअर्ट यांचं कामही जातं, आणि पुरावाही जातो. सुरुवातीला एखादी मोघम सूचना टाकून मोकळं होणंही पुरेसं नाही, कारण तीही पुन्हा काळालाच दोष देते. ‘त्या काळच्या समजुती’ असं म्हणताना समजुती कुणाच्या, हे ती सांगत नाही.

हवं आहे ते नावानिशी बोलणं. या मालिका दाखवणाऱ्यांनी, त्यांवर लिहिणाऱ्यांनी, त्या मुलांना दाखवणाऱ्या पालकांनी सांगावं की कातडी रंगवायचा निर्णय निर्मात्यांनी घेतला, हातात अर्ज असताना घेतला, पर्याय समोर असताना घेतला. आणि त्याच श्वासात ताकेईंचं, निकोल्स यांचं, बॅरी थॉर्न यांचं नाव घ्यावं. ‘स्टार ट्रेक’ आणि ‘डॉक्टर हू’ यांच्यावर प्रेम करणाऱ्यांना मी हेच सांगेन. तुमच्या आवडत्या मालिकांमध्ये जे चांगलं टिकलं, ते याच माणसांनी भांडून टिकवलं. त्यांना त्यांच्या काळातून हद्दपार करू नका.